फिरता फिरता सापडलेला नदीकाठ जलरंगात कसा रंगवायचा

चालता चालता वळणावर अचानक नदी दिसते, पूल, पलीकडच्या बिल्डिंगा, पाण्यात हलणारा उजेड, आणि आपण थांबतो. नेमकं कशामुळे थांबलो ते आधी ठरवा, कारण चित्र तेवढ्याचंच करायचंय, बाकीचं शहर बिनधास्त गाळायचं.

मोबाईलवर फोटो काढाच, पण टोनसाठी, म्हणजे कुठे किती उजळ आणि कुठे किती गडद यासाठी, त्याच्यावर विसंबू नका, तो सावल्या काळ्याकुट्ट करतो नाहीतर आकाश पांढरंफटक. वहीत काडेपेटीएवढे दोन-तीन थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, करा, फक्त उजेड, मधला, गडद असे तीन टोन, आणि बाजूला वेळ आणि सावली कुठल्या बाजूला पडलीये तेही लिहा. सूर्य तासाला 15 अंश सरकतो. मी एकदा सकाळी बिल्डिंगांच्या सावल्या टाकल्या आणि पुलाची दोन तासांनी, घरी येऊन बघतो तर चित्रात दोन सूर्य!

मग 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कागद बोर्डवर टेपने चिकटवा आणि हलक्या पेन्सिलने आय लेव्हलची, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या उंचीची, आडवी रेघ मारा. आपल्या बाजूने लांब जाणाऱ्या काठावरच्या छपरांच्या रेघा खाली उतरत त्या रेघेकडे जातात, कठड्याच्या पायाची रेघ वर चढत जाते. समोरचा काठ आडवा असेल तर पाण्याची कड अगदी आडवीच ठेवा, जरा तिरकी झाली की नदी सांडायला लागते. खिडक्या मोजत बसू नका.

रंगात आधी आकाशाचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, तो पूर्ण वाळला की बिल्डिंगा, लांबच्या फिक्या आणि निळसर, जवळच्या जरा उबदार. पाणी निळंच हवं असं काही नाही, शहरातली नदी बहुतेक वेळा राखाडी-हिरवट नाहीतर मातकट असते, अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून छान राखाडी मिळतो.

आता खरी मजा, प्रतिबिंब. ते वस्तूच्या बरोबर खाली सरळ उतरतं, सावलीसारखं तिरकं पडत नाही. साधारणपणे गडद वस्तूचं प्रतिबिंब थोडं उजळ आणि उजळ वस्तूचं थोडं गडद दिसतं. आणि पूल उलटा कॉपी करू नका हां, कमानीचं पोट आपल्याला काठावरून जेवढं दिसतं त्यापेक्षा जास्त पाण्यात दिसतं, कारण पाणी त्याच्याकडे खालून बघतं. पाण्याचा वॉश ओला असतानाच उभे स्ट्रोक मारा, ते जरा पसरतात तेच बरं.

वाळल्यावर आडव्या लाटा, लांबच्या बारीक आणि दाट, जवळच्या रुंद आणि विरळ. चमक मात्र नंतर पांढऱ्या रंगाने आणायला गेलात तर चुन्यासारखी दिसते, त्यापेक्षा पाणी रंगवतानाच तेवढी जागा कोरी सोडायची किंवा जवळपास कोरडा ब्रश आडवा धरून कागदावरून पटकन ओढायचा, खरखरीत कागदाचे खड्डे आपोआप पांढरे राहतात. माणसं अगदी शेवटी, डोक्याचा एक ठिपका, अंगाचा एक फटकारा, पाय जवळपास नकोतच.