लंडनचा नाताळ: आधी २५ तारीख ठरवा

नाताळात लंडनला जायचं म्हटलं की आपली माणसं आधी विमानाचं तिकीट बघतात. माझं सांगणं आहे, आधी २५ डिसेंबरला काय करणार ते ठरवा. त्या दिवशी लंडनमध्ये मेट्रो, बस, लोकल सगळं बंद असतं. आपल्याकडे लक्ष्मीपूजनालाही एसटी सुटते, त्यामुळे हे कोणाला पटकन खरं वाटत नाही. टॅक्सी मिळते, पण भाडं सणासुदीचं. म्हणून २५ ला तिथे उतरूच नका, २२-२३ पर्यंत पोहोचा.

व्हिसाचं थोडक्यात: युरोपचा शेंगेन व्हिसा इंग्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो. दिवाळीची वाट न बघता सप्टेंबरअखेर कामाला लागा.

राहायला जागा अशी घ्या की २५ चा दिवस पायी निभेल. माझ्या मुलाची खोली एकट्यापुरती, म्हणून आम्ही यूस्टन स्टेशनजवळ स्वयंपाकघर असलेली जागा भाड्याने घेतली. शेजारच्या ड्रमंड स्ट्रीटवर भारतीय खाणावळी आणि किराणा आहे. २४ ला दुपारीच भाजी, दूध, ब्रेड आणून ठेवा. संध्याकाळी दुकानं लवकर मिटतात आणि २५ ला मोठी दुकानं उघडत नाहीत.

बॅगेत कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ, शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला आणि बिबडे (ज्वारीचे पापड) घ्या. तूप, पेढे मात्र घरीच ठेवा, भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. आणि डिसेंबर म्हणजे भरीत हवंच! पण वांगी भाजायला तुरकाठ्या तिथे कुठल्या. वांग्याला टोचे मारून, तेलाचा हात लावून ओव्हनमध्ये २२० अंशांवर ठेवायचं. साल सुरकुतून वांगं बसलं की झालं. कांद्याची पात तिथे सहज मिळते. मिरच्या भाजताना आणि फोडणी देताना खिडकी उघडा, पंखा लावा. घरोघर धुराचे अलार्म असतात, मिरचीच्या तिखट धुरानेही ते वाजतात.

थंडीचं नीट समजून घ्या. धुळ्यात पारा ५-६ वर उतरतो, ते आपण दरवर्षी सोसतो. पण आपल्याकडे दहा वाजता अंगणात बसलं की पाठ शेकते. तिथे आठनंतर उजाडतं, चारच्या आत सूर्य बुडतो, आणि मधल्या वेळेत ऊन दिसेलच असं नाही. बर्फ क्वचित, भुरभुर पाऊस आणि वारा नेहमीचा. जाड स्वेटर एकच पुरे, वरून वारा-पाणी अडवणारं जाकीट हवं. बूट चामड्याचे नव्हे, पाणी न शिरणारे.

२५ ला सकाळी नऊला निघा. थर्मासमध्ये चहा घ्या, आणि घरूनच बाथरूमला जाऊन निघा. रस्त्यात दोन्हींची सोय मिळेलच असं नाही. रीजेंट्स पार्क ओलांडून प्रिमरोझ हिलवर चढा, सगळं शहर समोर पसरलेलं दिसतं. तिथून जवळच १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर या घरात राहिले. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतलं. सणाच्या दिवशी आत जायची अपेक्षा ठेवू नका, पण भिंतीवरची गोल निळी पाटी रस्त्यावरून वाचता येते. आपल्याकडची माणसं बाबासाहेबांच्या आठवणीसाठी दर ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातात. त्यांनी लंडनला जाऊन हे घर चुकवू नये. शेजारी साधी राहती घरं आहेत, गलका न करता फोटो काढा.

दुपारी जेवून थोडं पडा आणि अंधार पडता पडता रीजेंट स्ट्रीटने खाली चालत जा. डोक्यावर पंख पसरलेले दिव्यांचे देवदूत, आणि खाली एरवी बसगाड्यांनी भरलेला रस्ता जवळजवळ मोकळा. पुढे ट्रॅफल्गर चौकात नॉर्वेहून आलेलं सूचिपर्णी झाड उभं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या मदतीची आठवण म्हणून ओस्लो शहर १९४७ पासून दरवर्षी ते पाठवतं. गुडघे दुखत असतील तर सकाळ किंवा संध्याकाळ, एकच फेरी करा.

चर्च आतून बघायचं असेल तर प्रार्थनेच्या वेळी जा. सेंट पॉल्सला एरवी तिकीट आहे, प्रार्थनेला नाही. मोबाइल बंद ठेवून मागे शांत बसलात तर कोणी काही म्हणत नाही.

२६ ला मेट्रो-बस थोड्याफार सुरू होतात, मोठ्या दुकानांत सेल लागतो. मोठी संग्रहालयं मात्र २४ ते २६ बंद. ती २७ साठी ठेवा. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे, तरी वेळेचं तिकीट घरूनच काढून ठेवा आणि दहाला दार उघडतं तेव्हाच आत शिरा. अकरानंतर सुट्टीची गर्दी उसळते.