तृणधान्यांचे बियाणे परदेशात पाठवताय? या चुका टाळा

गहू, भात, मका, ज्वारी यांच्या बियाण्याची पाकिटे संशोधनासाठी आणि चाचण्यांसाठी सतत एका देशातून दुसऱ्या देशात जात असतात. त्यांची तपासणी बहुधा होतेच. तरीही रोग निसटतो, कारण सगळ्या रोगांना एकच चाचणी आणि एकच बीजप्रक्रिया लावली जाते. रोगजंतू बियाण्यात नेमका कुठे दडला आहे, हे आधी ठरवायला हवे. बंट या गव्हाच्या बुरशीजन्य रोगाचे बीजाणू दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटतात, गव्हाची काजळी ही बुरशी थेट गर्भात शिरते, भाताचा पांढरा शेंडा करणारा सूत्रकृमी तुसाखाली सुप्त पडून राहतो. अरगट या बुरशीच्या कडक गाठी, मातीची ढेकळे आणि स्ट्रायगासारख्या परोपजीवी तणाचे बी दाण्यांमध्ये नुसते मिसळलेले असते. या प्रत्येकाला शोधण्याची आणि काढण्याची रीत वेगळी आहे.

शेताची पाहणी चुकीच्या वेळी करणे

काजळी ओंब्या बाहेर पडतानाच दिसते. रोगट ओंबी निरोगी ओंबीच्या किंचित आधी बाहेर येते. तिच्यावरची काळी भुकटी काही दिवसांत वाऱ्याने उडून जाते आणि मागे बोडकी दांडी उरते. दाणे भरताना पाहणीला गेलात तर फारसे काही हाती लागत नाही. तोवर बीजाणू शेजारच्या फुलांवर पडून गर्भात शिरलेले असतात. असा दाणा दिसायला टपोरा असतो, उगवतोही उत्तम, आणि रोग पुढच्या हंगामात बियाणे घेणाऱ्याच्या शेतात दिसतो. म्हणून ओंब्या निघू लागल्यापासून दोन-तीन दिवसांनी फेरी मारावी. रोगट ओंबीवर आधी पिशवी चढवावी आणि मगच ती कापावी. उघडी ओंबी हातात धरून बांधापर्यंत नेली तर वाटेतल्या सगळ्या फुलांवर बीजाणू शिंपडले जातात.

कर्नाल बंट या बंटच्या दुसऱ्या प्रकाराचे याच्या उलट आहे. ओंबीतल्या मोजक्याच दाण्यांना लागण होते आणि तीही बहुधा अर्धवट, त्यामुळे उभ्या पिकात तो जवळपास दिसतच नाही. 'शेत स्वच्छ आढळले' या शेऱ्याला या रोगापुरता काही अर्थ नाही. मळणीनंतरचा दाणाच पाहावा लागतो.

मळणी यंत्राकडे दुर्लक्ष

बंटने भरलेला दाणा मळणीत फुटतो आणि त्याची काळी धूळ पुढच्या दहा वाणांवर बसते. शेतात निरोगी असलेला लॉट (एकत्र तयार झालेला बियाण्याचा साठा) इथे दूषित होतो. दोन लॉटच्या मध्ये चाळण्या, पट्टे, एलिव्हेटरचे कप आणि धान्य पडायची तोंडे व्हॅक्यूमने साफ करावीत. बंद खोलीत हवेच्या झोताने यंत्र साफ केले तर धूळ फक्त जागा बदलते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी सर्वांत खात्रीचे लॉट मळावेत, संशयित लॉट शेवटी. पाठवणीसाठी जुन्या गोण्या वापरणे हा फुकटचा धोका आहे.

नमुना वरवर काढणे

पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर दाणे काढले तर तो नमुना होत नाही. हलके, रोगट दाणे आणि गाठी हाताळताना एका थरात गोळा होतात. आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या (इस्टा) नियमांनुसार 15 ते 100 किलोच्या पोत्यांसाठी प्राथमिक नमुने असे घ्यायचे: 1 ते 4 पोती असतील तर प्रत्येकातून 3, 5 ते 8 असतील तर प्रत्येकातून 2, 9 ते 15 असतील तर प्रत्येकातून 1. 16 ते 30 पोत्यांतून एकूण 15 नमुने, 31 ते 59 मधून 20 आणि त्यापुढे 30. नमुना काढायची परखी दर लॉटनंतर पुसावी, नाहीतर तीच रोग वाहून नेते.

आता दाण्यांच्या संख्येबद्दल. नेहमीच्या चाचणीत 400 दाणे लावतात. लॉटमध्ये 1 टक्का दाणे रोगट असतील तर 400 दाण्यांत निदान एक सापडण्याची शक्यता 98 टक्के. पण प्रमाण 0.1 टक्का असेल तर ती 33 टक्क्यांवर घसरते, म्हणजे तीनपैकी दोन वेळा रोगट लॉट 'स्वच्छ' ठरतो. 95 टक्के खात्री हवी असेल तर सुमारे 3000 दाणे तपासावे लागतील. ज्या रोगाला आयातदार देशात शून्य सहनशीलता आहे, त्याच्यासाठी 400 दाण्यांच्या अहवालावर विसंबू नये. पाकिटातच जेमतेम शंभर दाणे असतील तर ते चाचणीत संपवता येत नाहीत. तिथे मातृझाडांची पाहणी आणि उभ्या पिकातील पानांची तपासणी हाच खरा पुरावा.

औषध आधी, नमुना नंतर

ही चूक आश्चर्य वाटावे इतकी सर्रास होते. बुरशीनाशक लावलेले दाणे ब्लॉटरवर (ओल्या टिपकागदावर) ठेवले की बुरशी दबलेली राहते, काहीच वाढत नाही आणि अहवाल कोरा येतो. औषधातल्या रंगाच्या थराखाली बंटचे काळे डागही झाकले जातात. नमुना नेहमी औषध न लावलेल्या बियाण्याचा काढावा. लॉट आधीच रंगवलेला असेल आणि कर्नाल बंटची शंका असेल तर दाणे 0.2 टक्के सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात 25 अंश सेल्सिअसला 24 तास भिजवावेत. रोगट भाग काळा, चकचकीत दिसू लागतो.

चाचणी एक, अपेक्षा दहा

ब्लॉटर चाचणी भाताचा करपा, तपकिरी ठिपके, फ्युजेरियम यांच्यासाठी उत्तम आहे. 9 सेंमीच्या डिशमध्ये ओल्या टिपकागदाचे तीन थर, त्यावर 25 दाणे, 20 ते 22 अंशांवर 7 दिवस, 12 तास अतिनील-समीप प्रकाश आणि 12 तास अंधार. बिघडते ते बारीकसारीक गोष्टींत. कागदावर पाणी साचले की जिवाणू माजतात आणि बुरशीला वाढू देत नाहीत. दाणे एकमेकांना टेकले की एकाची बुरशी दुसऱ्याच्या नावावर मोजली जाते. आणि डिश साध्या काचेची असेल तर ती हा प्रकाश बराचसा अडवते, बुरशीला बीजाणू नीट धरत नाहीत आणि ओळख पटत नाही. प्लास्टिकच्या डिश वापराव्यात.

पण ब्लॉटरवर बंट, काजळी किंवा विषाणू दिसत नाहीत. काजळीसाठी गर्भ वेगळे करून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात. विषाणूंसाठी एलायझा (विषाणूचे प्रथिन ओळखणारी चाचणी) किंवा पीसीआर (जनुकीय चाचणी). मक्याचा घातक ऊतकक्षय (एमएलएन) 2011 मध्ये केनियात नोंदवला गेला. तो घडवणाऱ्या विषाणूंपैकी क्लोरोटिक मॉटल विषाणूचा बियाण्यातून होणारा प्रसार अत्यल्प आहे, तरी बियाण्याच्या पाठवणीत त्याची तपासणी टाळता येत नाही.

कर्नाल बंटसाठी धुवन चाचणी. 50 ग्रॅम दाणे 100 मिली पाण्यात (ट्वीन 20 हे साबणासारखे द्रव्य 0.01 टक्के घालून) 3 मिनिटे हलवायचे आणि ते पाणी आधी 53 आणि मग 20 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळायचे. टेलिओस्पोर (बंटचे जाड भिंतीचे बीजाणू) खालच्या चाळणीवर अडतात. तिथला गाळ पूर्ण तपासावा, एक थेंब पाहून सोडू नये. सर्वांत मोठा धोका म्हणजे मागच्या नमुन्याचे बीजाणू चाळणीत अडकून राहणे. वापरानंतर चाळण्या ब्लीचमध्ये 15 मिनिटे बुडवून खळखळून धुवाव्यात. राहून गेलेल्या बीजाणूंचा रंग उडतो आणि ते ताज्या, गडद बीजाणूंपासून वेगळे ओळखता येतात. भातावरचा आणि रायगवतावरचा टिलेशिया (बंटच्या कुळातली बुरशी) दिसायला बराच सारखा असतो, तेव्हा संशयास्पद बीजाणूंची ओळख पीसीआरने पक्की करावी.

जुळत नसलेली बीजप्रक्रिया

थायरम किंवा कॅप्टन पृष्ठभागावर काम करतात. गर्भातल्या काजळीपर्यंत ते पोचत नाहीत, तिथे कार्बोक्सिन किंवा टेब्युकोनाझोलसारखे आंतरप्रवाही (रोपाच्या आत शिरणारे) औषध लागते. मका-ज्वारीच्या केवडा या रोगावर कार्बेन्डाझिम चालत नाही, मेटॅलॅक्सिल लागते. कर्नाल बंटच्या बाबतीत बुरशीनाशके बीजाणूंची उगवण रोखतात, पण बीजाणू मरत नाहीत, म्हणून औषध लावलेला रोगट लॉट रोगटच मानावा. सौम्य हायपोक्लोराइटची (पातळ ब्लीचची) धुलाईही फसवी आहे. लॅबमध्ये याच टेलिओस्पोरवरचे इतर जंतू घालवायला सौम्य हायपोक्लोराइट वापरतात आणि मग ते उगवायला ठेवतात. फॉस्फिनची धुरी खाप्रा भुंगेरा ही साठवणीतली कीड मारते, बुरशीला काही करत नाही.

भातातल्या सूत्रकृमीसाठी बियाणे 3 तास थंड पाण्यात भिजवून मग 52 ते 57 अंशांच्या पाण्यात 15 मिनिटे ठेवतात. थंड पाण्यात भिजवले की सुप्त सूत्रकृमी जागा होतो आणि उष्णतेला बळी पडतो. घाईत हीच पायरी गाळली जाते. दुसरी चूक म्हणजे ठासून भरलेली पिशवी: बाहेरचे दाणे शिजतात, मधले कोमट राहतात. सैल, सच्छिद्र पिशव्या वापराव्यात आणि पाणी पुन्हा ठरलेल्या तापमानाला आल्यावरच वेळ मोजायला सुरुवात करावी. नंतर लगेच गार पाण्यात बुडवून पातळ थरात वाळवावे, नाहीतर उगवण घटते.

शीतगृहावर भिस्त

थंडी आणि कमी ओलावा बियाणे टिकवतात, तसेच त्यातली बुरशीही टिकवतात. शीतगृहात वर्षे गेली म्हणून लॉट स्वच्छ होत नाही. मक्याचा केवडा हा त्यातल्या त्यात अपवाद: बियाणे 9 टक्क्यांपर्यंत सुकवले की त्यातून होणारा प्रसार जवळपास थांबतो.

कागदपत्रे शेवटी बघणे

आयात परवाना बीजोत्पादन सुरू होण्याआधी वाचावा. 'पीक वाढीच्या काळात तपासलेले' अशी अतिरिक्त घोषणा (वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावर लिहायचे जादा विधान) मागितली असेल आणि पीक कापून झाले असेल, तर ती घोषणा नंतर मिळवता येत नाही. बियाण्याच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीसाठी 2017 चे आयएसपीएम 38 हे वनस्पती आरोग्याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, तरी प्रत्येक देशाची रोगांची यादी वेगळी असते. या प्रमाणपत्रावर अतिरिक्त घोषणेची शब्दरचना परवान्यातली जशीच्या तशी हवी. औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख यात खरीच माहिती भरावी. लॉट क्रमांकातला एक अंक चुकला तरी माल बंदरात अडकतो.

पाठवलेल्या प्रत्येक लॉटचा औषध न लावलेला राखीव नमुना सीलबंद करून ठेवावा. तिकडच्या विलगीकरण कक्षातून तक्रार आली की आधी त्यावरच तीच चाचणी चालवावी. तो नमुना स्वच्छ निघाला तर शोध पॅकिंगच्या टेबलापासून पुढे सुरू करायचा, रोगट निघाला तर मळणीपासून मागे.