शिडांची शर्यत बघताना झोप येऊ नये म्हणून

पहिली यॉट शर्यत बघायला बसलो आणि वीस मिनिटांत मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा होड्या तशाच तिरक्या झालेल्या, निवेदक मात्र जिवाच्या आकांताने ओरडत होता. भाच्याने एवढंच विचारलं, "मामा, वारा कुठून येतोय?" मला सांगता येईना. इथूनच सुरुवात करायची असते, हे कळायला मला आणखी दोन शर्यती लागल्या.

तर कागद-पेन्सिल घ्या आणि वाऱ्याचा बाण वरून खाली काढा. शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण 45 अंशांचा कोन राखत, कधी डावीकडे कधी उजवीकडे, अशी ती नागमोडी वर चढते. त्यामुळे दोन होड्या एकमेकींकडे पाठ करून पळताना दिसल्या तरी दोघींचा बोया, म्हणजे वळसा घालायची तरंगती खूण, एकच असू शकतो. पुढे कोण हे ठरवायला बाणाला काटकोनात आडवी रेघ मारा. वाऱ्याकडे जास्त वर सरकली असेल ती पुढे. (मी एकदा बाणच उलटा काढला आणि शेवटच्या होडीसाठी पाऊण तास टाळ्या वाजवल्या.)

हल्ली ही रेघ टीव्हीच मारून देतो. 2013 च्या अमेरिकाज कप या यॉट स्पर्धेसाठी स्टॅन हनी आणि त्यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या चित्रात थेट पाण्यावर रेघा उमटवल्या. हनी स्वतः नामांकित नॅव्हिगेटर. अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणातली पिवळी रेघही त्यांच्याच कंपनीची. आता होड्या फॉइलवर, म्हणजे पाण्याखालच्या पंखांवर, पाण्याबाहेर उचलल्या जातात आणि 50 नॉटच्या आसपास, म्हणजे ताशी नव्वद किलोमीटरने धावतात. वेगामुळे प्रेक्षक वाढले असं सगळे म्हणतात. माझं मत विचाराल तर वेग बघायला माणूस येतो, पण कोण जिंकतंय हे कळलं नाही तर पाच मिनिटांत उठून जातो. त्याला बसवून ठेवलं ते रेघांनी.

शेवट चुकला तरी चालेल, सुरुवात चुकवू नका. सुटण्याआधीची पाच मिनिटं म्हणजे निम्मी शर्यत. होडीला ब्रेक नसतो आणि सुरुवातीची रेषा तर नेमक्या क्षणी, पूर्ण वेगात ओलांडायची असते. आधी ओलांडली तर मागे फिरून पुन्हा यावं लागतं. म्हणून सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालतात, एकमेकींना आडव्या येतात, जागा अडवतात. इथे एक नियम पाठ करा: वारा उजव्या अंगावर घेऊन येणाऱ्या होडीला हक्क, डाव्या अंगावर घेणारीने वाट द्यायची. एवढ्या एका नियमावर निवेदकाची निम्मी आरडाओरड उलगडते. उरलेली समजायला शिडाच्या सावलीकडे बघा. पुढच्या होडीच्या शिडामागे वारा विस्कटलेला असतो. मागची तिथे अडकली की मंदावते आणि सुटायला दुसऱ्या बाजूला वळते. पुढची मग तिच्या मागे मागे वळते, पुन्हा तिचा वारा अडवायला. हा पाठलाग एकदा दिसायला लागला की झोप उडाली म्हणून समजा.

सरावाला 2013 चीच लढत घ्या. ओरॅकल या अमेरिकन चमूला आधीच 2 गुणांचा दंड बसलेला, आणि न्यूझीलंड 8-1 ने पुढे. एकच विजय हवा होता. पुढे एका शर्यतीत तर तो हातात आलाच होता, पण वारा पडला, 40 मिनिटांची मुदत संपली आणि शर्यत रद्द झाली. ओरॅकलने शेवटी 9-8 अशी लढत खेचून नेली. 1983 ची ऑस्ट्रेलिया-दोन या होडीची लढतही बघा. न्यूयॉर्क यॉट क्लबकडे 132 वर्षं राहिलेला हाच कप त्या वेळी गेला. होड्या संथ वाटतील, पण कागदावर रेघा मारायला तेवढा वेळ मिळतो.

वेंदे ग्लोबला मात्र पेन्सिल बाजूला ठेवा. एकट्याने, कुठेही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा. ती टीव्हीसमोर बसून बघायची नसते. रोज दहा मिनिटं नकाशा उघडायचा, बस. एक खलाशी निवडा, शक्यतो मधल्या फळीतला. मी 2020 साली असाच 61 वर्षांच्या जाँ ल काम यांच्या मागे लागलो. केव्हिन एस्कोफिए यांची होडी मोडली तेव्हा ल काम यांनी शर्यत सोडून रात्रभर शोध घेतला आणि त्यांना आपल्या होडीवर घेतलं. शोधात गेलेल्यांना वेळेची भरपाई मिळाली. म्हणून शार्ली दालँ सर्वात आधी पोचूनही विजेते ठरले यानिक बेस्तावेन. त्यांच्या खात्यात 10 तास 15 मिनिटं जमा होती. त्या रात्री मी नकाशा बंद करून झोपलो, विजेता कोण ते सकाळी भाच्याने सांगितलं.