हौद्यात कॅम्पर, मागे होडी: पिकअपच्या वजनाचा हिशेब

गोव्यात नुसतं 'कॅम्पर' म्हटलं की बोलेरोच डोळ्यांपुढे येते. इथे कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची झोपण्या-रांधण्याची खोली. असा कॅम्पर चढवून वर होडीचा ट्रेलरही ओढायचा, तर बहुतेकांचा हिशेब एकाच ठिकाणी फसतो. हौद्यातलं वजन एकीकडे आणि ओढायचं वजन दुसरीकडे, असं धरलं जातं. प्रत्यक्षात ट्रेलरचा पुढचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, टेकलेला असतो. तिथे पडणारा भार गाडीच्याच पेलोडमधून, म्हणजे तिला वाहता येणाऱ्या वजनातून, वजा होतो.

आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन, असे दोन आकडे असतात. कमाल आकडा मानायचाच. रिकाम्याचा मात्र कागदावरून घेऊ नका, कारण बुलबार, हौद्याचं झाकण, विंच, जाड टायर त्यात धरलेले नसतात. टाकी पूर्ण भरा आणि गाडी वजनकाट्यावर न्या. काटा वेर्णा-कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास मिळतो. तीन वजनं घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. पहिल्या आणि तिसऱ्याची बेरीज दुसऱ्याशी जवळपास जुळली पाहिजे. फार फरक आला तर काट्यालगतची जमीन सपाट नाही, असं समजा.

एक उदाहरण धरू. कमाल वजन २,९०० किलो. काट्यावर टाकी भरलेली आणि आत कोणी नसलेली गाडी २,१९० किलो. उरले ७१०. रिकामा कॅम्पर ३५०, पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो, लेड-अॅसिड बॅटरी ३०, फ्रिज-गॅस-गादी-भांडी मिळून ७०. झाले ५१०. माणसं १८०. शिल्लक फक्त २० किलो. आता ९०० किलोचा होडीचा ट्रेलर जोडा. हिचवर त्याचा १० टक्के, म्हणजे ९० किलो भार येतो. गाडी ७० किलोनं जास्त झाली, आणि ट्रेलर अजून जागचा हललेलाही नाही. इथे पाण्याची टाकी रिकामी ठेवून ६० किलो वाचतील, तरी १० उरतातच. मुक्कामावर पाणी भरणं हा स्वस्त उपाय आहे, पण एवढ्यावर भागत नाही.

मागच्या आसाला याहून मोठा फटका बसतो. हिच आसाच्या १.२ मीटर मागे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधलं अंतर, ३.१ मीटर असेल, तर तरफेच्या नियमानं ९० किलोचे मागच्या आसावर सुमारे १२५ होतात आणि पुढच्या आसावरून ३५ उचलले जातात. स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. म्हणून कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या किंचित पुढे यायला हवा. पाण्याची टाकी आणि बॅटरी केबिनला लागून, तळाशी ठेवा.

मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवले म्हणजे पेलोड वाढला, हा गॅरेजांमधला लाडका समज. पाट्यांनी गाडी सरळ उभी राहते, पण ब्रेक, बेअरिंग, आस आणि चेसिस तेवढेच असतात. आरसीवरचा आकडाही बदलत नाही. टायरवरचा लोड इंडेक्स पाहा: ११० म्हणजे टायरमागे १,०६० किलो, ११२ म्हणजे १,१२०. तेही योग्य हवा भरली तर, म्हणून दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यातली भरल्या गाडीची हवा भरा.

हिचवरचा भार घरी मोजता येतो. ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांना अडण लावा. दांडा हिचच्याच उंचीवर येईल असा लाकडी ठोकळा वजनकाट्यावर ठेवून त्यावर तो टेकवा. ट्रेलरच्या १० ते १५ टक्के आकडा ठीक. कमी आला तर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. होडीचं आउटबोर्ड इंजिन अगदी मागे असल्यामुळे हे सहज घडतं, मग होडी ट्रेलरवर थोडी पुढे सरकवावी लागते. रस्त्यात शेपटी हलायला लागली तर अॅक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. वेग वाढवून ती थांबत नाही.

ट्रेलर ओढण्याच्या मर्यादेतही ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात. गाडी आणि ट्रेलर मिळून एकत्रित कमाल वजन तिसरंच असतं, त्यामुळे दोन्ही मर्यादा एकदम पूर्ण वापरता येतील असं धरू नका. अनमोड किंवा चोर्लाचा घाट उतरताना हे जाणवतं. चढताना जो गिअर लागला असता तोच उतरतानाही ठेवा. ब्रेकचा जळका वास आला तर थांबून ते थंड होऊ द्या, पाणी ओतू नका.

कायद्याची बाजू थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली जादा वजनाला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल तिथेच उतरवावा लागतो. कॅम्पर कायमचा जोडणार असाल तर आधी आरटीओत विचारा, कारण कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधन घालतं.

पहिल्या फेरीआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचं अंतर चारही बाजूंना मोजून लिहून ठेवा, भरल्यावर पुन्हा मोजा. मागची बाजू किती दबली आणि पुढची किती उचलली, ते लगेच कळतं. दिवाडी-चोडण बेटांच्या फेरीबोटीवर चढायचं असेल तर हाच आकडा उपयोगी पडतो. ओहोटीला रॅम्पचा उतार जास्त असतो, आणि दबलेल्या गाडीचा हिच आधी जमिनीला घासतो.