टाचदुखीचे व्यायाम: पलंगावरून पाय खाली टाकण्याआधीच सुरुवात करा

सकाळी पहिली चार पावलं टाकताना टाचेत कळ येते, जरा चाललं की कमी होते आणि बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. हे दुखणं बहुधा प्लांटर फॅशियाचं असतं. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा तळव्यातला हा जाड पट्टा. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं दिसलं की घरचे घाबरतात. पण टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी जणांच्या एक्स-रेतही ते दिसतं.

पहिला व्यायाम पलंगावरच. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि पायाची बोटं हाताने नडगीच्या दिशेने ओढा. दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. पट्टा ताठ लागला तर ताण बरोबर बसलाय. 10 सेकंद धरायचं, सोडायचं, असं 10 वेळा. दिवसातून तीनदा करा, पण सकाळचा चुकवू नका.

मग पोटरी. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली. 30 सेकंद थांबा. नंतर तेच गुडघा किंचित वाकवून.

खरी मेहनत पुढे आहे आणि नेमकी तीच लोक टाळतात. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहा, बोटांखाली पंच्याची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. कठड्याला धरा. 3 सेकंदांत टाचा वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदांत खाली. 12 वेळांचे 3 संच, एक दिवसाआड. आधी दोन्ही पायांवर, जमू लागलं की एकाच पायावर, नंतर पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2014 मध्ये या व्यायामाची तुलना नुसत्या ताणाच्या व्यायामाशी केली. तीन महिन्यांनी याचा फायदा जास्त दिसला; वर्षअखेरीला मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच होते. म्हणजे घाई नको, पण लवकर आराम हवा असेल तर पायरी गाठा.

करताना थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली, तर व्यायामातला भार कमी करा.

फरशीवर अनवाणी वावरणं काही महिने बंद. घरात चपला चालत नसतील तर घरापुरती मऊ तळाची वेगळी जोडी ठेवा. ओट्यापाशी तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना तर ती हवीच. पाण्याची बाटली गोठवून तळव्याखाली फिरवली की बरं वाटतं, पण तो तात्पुरता उतारा.

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जोरात दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, मुंग्या, बधिरपणा, सूज किंवा ताप असेल, तर व्यायाम सुरू न करता आधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेह असणाऱ्यांनीही तपासून घेऊनच सुरुवात करावी. दोन-तीन महिने नेमाने करूनही फरक नसेल तर फिजिओथेरपिस्टकडे जा; ते टेपिंग करतात (तळव्याला आधार देणारी चिकटपट्टी लावतात), पादत्राणं बघतात, गरज वाटली तर शॉकवेव्ह (यंत्राने टाचेवर ध्वनिलहरींचे ठोके देण्याचा उपचार) सुचवतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम मिळतो, पण तो बहुधा थोडेच आठवडे टिकतो आणि क्वचित पट्टा फाटण्याचा धोका असतो, हे घेण्याआधी विचारून घ्या.