एका दिवसात फाशांच्या बेसबॉलची टूर्नामेंट कशी घ्यायची

शाळेत बुक क्रिकेट खेळला असाल तर हा गेम तुम्हाला अर्धा कळलाच. फरक एवढाच की पुस्तकाच्या पानाला बॅटिंगला सचिन आहे का व्यंकटेश प्रसाद हे माहीत नसतं, आणि इथे कार्डाला सगळं माहीत असतं.

गेमचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन यांनी 1961 साली बाजारात आणला, त्याच्या दहा वर्षं आधीपासून ॲपबा नावाचा असाच गेम होता, पण आम्ही इकडे न्यू जर्सीत स्ट्रॅटच खेळतो म्हणून त्याचंच सांगतो. प्रत्येक खऱ्या प्लेयरचं एका सीझनच्या आकड्यांवरून बनवलेलं कार्ड असतं. तीन फासे एकदम टाकायचे, त्यातला एक पांढरा, पांढऱ्यावर 1, 2, 3 आलं तर बॅटरच्या कार्डावरचा तो कॉलम बघायचा, 4, 5, 6 आलं तर पिचरच्या म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या कार्डावरचा, आणि बाकी दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या कॉलममधली ओळ. एका ओळीत दोन रिझल्ट असले, म्हणजे समजा 1 ते 8 होम रन (आपला सिक्सर म्हणा) नाहीतर डबल (दोन बेस मिळवणारा हिट), तर 20 बाजूंचा फासा टाकायचा. पिचरच्या कार्डावर कधीकधी X येतो, मग बॉल ज्याच्याकडे गेला त्याच्या कार्डावरचा फिल्डिंगचा नंबर बघून चार्ट वाचायचा, 1 नंबरचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर) म्हणजे सोनं आणि 5 नंबरचा म्हणजे भोक. एवढं आलं की खेळता येतं.

आता टूर्नामेंट. आठ जण सगळ्यात सोयीचे. चार-चारचे दोन ग्रुप, ग्रुपमध्ये प्रत्येकाच्या तीन मॅच, मग सेमी आणि फायनल, म्हणजे एकूण 15 मॅच आणि चार टेबलं असली तर पाच राउंड. हात बसलेले दोघे पाऊण तासात मॅच संपवतात, नवीन माणूस असला की सव्वा तास धरा, म्हणून सकाळी दहाला सुरू करायचंच, जेवून या म्हटलं की दिवस गेला. नवीन माणसाला पहिली मॅच जुन्या माणसाबरोबर द्या.

टीम सगळ्यांनी एकाच सीझनच्या घ्यायच्या, हे माझं ठाम मत आहे. लोकांना 1968 चा पिचर बॉब गिब्सन आणि 1930 चा बॅटर बिल टेरी समोरासमोर आणायचे असतात, मलाही आवडतं ते, पण कार्ड त्या-त्या वर्षाच्या लीगच्या हिशोबाने बनतं. बेसबॉलच्या दोन मोठ्या लीग, अमेरिकन आणि नॅशनल, आणि ॲव्हरेज म्हणजे किती वेळा बॅटिंगला आल्यावर किती हिट, .230 म्हणजे शंभरात तेवीस. 1968 ला अमेरिकन लीगची ॲव्हरेज .230 होती आणि यास्त्रेम्स्की नावाचा बॅटर .301 वर बॅटिंग चॅम्पियन झाला, 1930 ला नॅशनल लीगची सगळी लीगच .303 होती. म्हणजे .301 हा एकच आकडा, पण एका वर्षी तो सगळ्यात भारी आणि दुसऱ्या वर्षी साधारण. अर्धे रिझल्ट समोरच्याच्या कार्डातून येतात ना, त्यामुळे पिचर भारी असलेल्या वर्षात .301 काढणाऱ्याच्या स्वतःच्या कार्डावर हिट खच्चून भरलेले असतात, आणि तो दुसऱ्या काळातल्या ढिल्या पिचरसमोर गेला की हिशोबच बिघडतो. एक सीझन घेतला की हा वाद येतच नाही. 1968 घेतलं तर रन कमी, मॅच झटपट. नवीन लोक जास्त असतील तर मात्र रन होणारं वर्ष घ्या, त्यांना बेसवर माणसं पळताना बघायची असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पिचरचा नियम. बाकी काही विसरलात तरी चालेल पण हा आधी लिहून सगळ्यांना पाठवा. आम्ही पहिल्यांदा खेळलो ते 1968 च होतं आणि मी नियम केलाच नव्हता, ज्याच्याकडे कार्डिनल्स म्हणजे गिब्सनची टीम होती त्याने पाचही मॅचला गिब्सन उतरवला. त्या वर्षीचा गिब्सन म्हणजे ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) 1.12 आणि 13 शटआउट (समोरच्याला एकही रन न दिलेल्या मॅच), समोरच्यांनी करायचं काय? त्याची काही चूक नव्हती, कुठे लिहिलेलंच नव्हतं, चूक माझी. खरा गिब्सन त्या सीझनला 34 मॅचला स्टार्ट झाला, आणि वर्ल्ड सीरिजमध्ये म्हणजे वर्षाच्या फायनल सीरिजमध्येसुद्धा पहिली, चौथी, सातवी अशाच मॅचला, मध्ये तीन-तीन दिवसांची विश्रांती होती, तरी सातवी हरलाच. माणूस दमतो हे फाशांना सांगावं लागतं. आता आमचा नियम असा, ग्रुपच्या तीन मॅचला तीन वेगळे स्टार्टर (मॅच सुरू करणारे पिचर), सेमीला पहिल्या मॅचवाला परत चालेल, फायनलला दुसऱ्या मॅचवाला. रिलीव्हरने (स्टार्टरच्या जागी मध्येच येणाऱ्या पिचरने) दोन इनिंगपेक्षा जास्त टाकलं तर पुढची मॅच बाहेर. यामुळे खरी मजा सुरू होते, कारण एक्का पहिल्याच मॅचला टाकून सेमीसाठी मोकळा ठेवायचा का फायनलसाठी दुसऱ्या मॅचला ठेवायचा, यावर लोक रात्री झोपत नाहीत.

दुसरी पळवाट बेंचवरच्या प्लेयरची. कार्ड खऱ्या आकड्यांवरून बनतं म्हणजे एखाद्याने वर्षभरात फक्त 30 वेळा बॅटिंग करून 12 हिट मारले तर कार्डावर तो .400 चा राक्षस होतो, आणि कोणीतरी त्याला रोज तिसऱ्या नंबरला खेळवतो. म्हणून स्टार्टिंग लाइनअपला त्या सीझनला निदान 200 ॲट-बॅट (बॅटिंगच्या पाळ्या) पाहिजेत, त्याखालचे फक्त पिंच हिटर म्हणजे गरज पडली तर दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला येणारे. डीएच म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा प्लेयर, त्याचंही आधीच ठरवा, अमेरिकन लीगमध्ये तो 1973 ला आला, त्याच्या आधीचं वर्ष असेल तर पिचरलाच बॅटिंगला पाठवा, सातव्या इनिंगला एक रन मागे असताना त्याला काढायचा का ठेवायचा हा निर्णय मला तरी फार आवडतो.

ग्रुपमध्ये बरोबरी झाली तर नेट रन रेटसारखं काही लावू नका, क्रिकेटच्या सवयीने आपण लगेच रनचा फरक मोजायला जातो. बेसबॉलमध्ये होम टीम प्रत्येक इनिंगला नंतर बॅटिंग करते, आणि पुढे असली तर नववीला म्हणजे शेवटच्या इनिंगला बॅटिंगच करत नाही, म्हणजे तिला रन वाढवायला एक इनिंग कमी मिळते, मग फरक कसा मोजणार. आधी आपापसातली मॅच बघा, तीन जण अडकले तर ग्रुपमध्ये कमी रन दिलेला पुढे.

टेबलावरचे नियम थोडेच. फासे ट्रेमध्ये किंवा बॉक्सच्या झाकणात टाका, बाहेर उडाला किंवा तिरका राहिला तर तिन्ही परत. रिझल्ट मोठ्याने वाचायचा आणि समोरच्याने बघितल्यावरच फासे उचलायचे, निम्मी भांडणं इथेच मिटतात. स्कोअरशीट दोघांनी लिहायची, 6-4-3 असं लिहिलं (हे फिल्डरच्या जागांचे नंबर) की डबल प्ले, म्हणजे एकाच बॉलवर दोघे आउट, कसा झाला ते महिन्यांनीसुद्धा आठवतं. खाणं वेगळ्या टेबलावर, वडे-भजी खाऊन हात धुतल्याशिवाय कार्डाला हात लावू देऊ नका, जुन्या कार्डावरचा तेलाचा डाग जात नाही.

आणि फायनल संपल्यावर कोणाला लगेच सोडू नका. प्रत्येक टीमची कार्डं मोजून पाकिटात घाला, पाकिटावर संख्या लिहून ठेवा, आमचा एक शॉर्टस्टॉप असाच कोणाच्या तरी बॅगेतून गेला आणि ती टीम तेव्हापासून तशीच पडून आहे.