झाडीपट्टीसाठी नाटक लिहू पाहणाऱ्यांना

लेखनाविषयी विचारायला येणाऱ्या आपल्या भागातील मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुधा पुण्या-मुंबईला कसे जायचे, हाच असतो. मालिका किंवा वेबसीरिज लिहायची असेल तर कधीतरी तिकडे जावे लागेल, हे मी नाकारत नाही. परंतु गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत झाडीपट्टी रंगभूमी नावाचा कथाकथनाचा एक सबंध व्यवसाय उभा आहे, आणि त्याला दरवर्षी नव्या संहिता लागतात. मी याच रंगभूमीसाठी लिहीत आलो. गोष्ट लोकांपर्यंत कशी पोहोचते, याचे जे काही ज्ञान मला आहे, ते रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकांनी दिलेले आहे.

या रंगभूमीचे चक्र धानाशी बांधलेले आहे. दिवाळीच्या सुमारास धान कापणीला येते, हातात थोडा पैसा खेळू लागतो, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि त्याच रात्री नाटक असते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र आहे. गावातील मंडळे तिथे येऊन नाट्यमंडळांशी बोलणी करतात आणि तारीख पक्की करतात. होळीच्या आसपास हंगाम ओसरतो. त्यामुळे लेखकाचे खरे काम पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत चालते, आणि ज्याला या क्षेत्रात यायचे आहे त्याने आपले वर्ष तसेच आखावे.

प्रयोग रात्री दहा-अकराच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. प्रवेशांच्या मध्ये गाणी आणि नृत्ये असतात, आणि ती प्रेक्षकांना हवी असतात. नव्या लेखकाला हा कथानकातील व्यत्यय वाटतो. माझे मत वेगळे आहे. गाण्यानंतर परत आलेल्या प्रेक्षकाला पहिल्या दोन-तीन वाक्यांतच कोण कोणाशी का भांडत आहे हे कळले पाहिजे, ही अट पाळता पाळता लेखकाला कथानकाचा कणा कुठे आहे ते दिसू लागते. ज्या प्रवेशाला अशी पुन्हा सुरुवात करता येत नाही, तो प्रवेश बहुधा अनावश्यक असतो.

तालमींना वेळ थोडा मिळतो आणि प्रयोग प्रॉम्प्टरच्या आधाराने उभा राहतो, हे संवाद लिहिताना सतत ध्यानात ठेवावे लागते. चार उपवाक्ये गुंफलेले वाक्य कागदावर शोभते, पण आडोशाला बसलेल्या माणसाने ते सांगायचे, नटाने ते उचलायचे आणि शेवटच्या रांगेतील म्हातारीला ते ऐकू जायचे, एवढा प्रवास त्याला झेपत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, मागच्या रांगेला नटाचा चेहरा दिसत नाही. मालिकांवर वाढलेली मुले प्रवेशाचा शेवट धक्का बसलेल्या चेहऱ्यावर करतात. तो छोट्या पडद्यावर चालतो, कारण तिथे कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो. शामियान्यात मात्र धक्का शब्दातून, हालचालीतून किंवा एखाद्या वस्तूतून दाखवावा लागतो.

एक उदाहरण देतो. दोन भावांच्या वाटणीचा प्रवेश आपल्याकडे असंख्य नाटकांत आहे. एका नवलेखकाने त्यात धाकट्या भावाच्या तोंडी ‘तू माझ्या भावना पायदळी तुडवल्यास’ असे वाक्य घातले होते. मी त्याला विचारले, वाटणीत नेमके काय अडले आहे? बराच वेळ विचार करून तो म्हणाला, धुऱ्यावरचे, म्हणजे शेताच्या बांधावरचे, मोहाचे झाड. मग प्रवेश बदलला. बांधी, म्हणजे धानाचे शेत, मोजून झाली, बैल वाटून झाले, आणि मोठ्याने विचारले, ‘धुऱ्यावरचा मोह कोनाच्या वाट्याचा?’ लग्न होऊन आल्यापासून त्या झाडाखाली पहाटे मोहफुले वेचणारी आई तिथेच बसलेली असते, आणि तिला कोणी काही विचारत नाही. प्रयोगात त्या प्रश्नाला शामियाना स्तब्ध झाला, कारण तिथे बसलेल्या निम्म्या घरांत ते झाड होते.

बोलीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. झाडीबोली केवळ विनोदी पात्रापुरती ठेवण्याची सवय मला मनापासून खटकते. दुःख, संताप आणि शहाणपण प्रमाण भाषेत, आणि हशा तेवढा बोलीत, अशी विभागणी केली की आपण आपल्याच माणसांना उणे लेखतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही 1960 सालची कादंबरी यासाठी अवश्य वाचावी. तिची नायिका कौतिक हिच्या संसाराची सगळी होरपळ तिच्या वऱ्हाडी बोलण्यातून उभी राहते. त्याहून मागे जायचे असेल तर तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ आहेच. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरच्या महानुभाव परंपरेतील हा ग्रंथ छोट्या प्रसंगांचा आणि बोलत्या वाक्यांचा आहे, आणि दोन ओळींत माणूस कसा उभा करावा हे त्यातून शिकता येते.

नटांना कमी लेखू नये. झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या भागाबाहेरच्या अनेकांना ही रंगभूमी प्रथम कळली. प्रेक्षकांना मात्र आपले नट कायमच ठाऊक होते. अनुभवी नट एखादे वाक्य बदलून बोलला तर रागावण्याआधी ते बदललेले वाक्य वहीत उतरवून घ्यावे.

व्यवहाराचे थोडक्यात सांगतो. मानधन आणि प्रयोगांचे हक्क यांचा करार लेखी असावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटकावरचा लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही नोंदणी असली तर वादाच्या वेळी पुरावा हाती राहतो. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडून ती संमत करून घ्यावी लागते, त्यासाठी वेळ राखून ठेवावा.

लिहायला बसण्यापूर्वी एका हंगामात जमतील तितके प्रयोग मागच्या रांगेत बसून पाहावेत आणि लोक कुठे उठून चहाला जातात, ते टिपून ठेवावे. पहिला मसुदा झाला की तो मित्रांआधी एखाद्या जुन्या प्रॉम्प्टरला मोठ्याने वाचायला द्यावा. त्याचा श्वास जिथे अडेल, तिथे पेन्सिलीने खूण करून ठेवावी.